मुकादमांचा न झालेला हर्निया

त्यांना सगळे मुकादम म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून असे. रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ते टेक्निशियन होते, एकोणीस वर्षं. सकाळी साडेसातला कोपरापर्यंत हात घासून धुवायचे, हिरवा गाऊन आणि ग्लोव्ह्ज चढवायचे आणि हत्यारांच्या टेबलापुढे उभं राहून कात्र्या, चिमटे, रक्तवाहिनी दाबून धरायच्या आर्टऱ्या, सुया एकेक करून ओळीत मांडायच्या. मजुरांची हजेरी घ्यावी तसं. एखादी कात्री दोन बोटं पुढे सरकली की तिला मागे लोटत आणि मास्कच्या आतून पुटपुटत, "रांगेत राहा." नाव पडलं ते त्यावरून.

कामात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सर्जननी नुसता तळवा पुढे केला की हवं ते हत्यार, हव्या त्या टोकाने, चटकन त्यात येऊन बसे. मागायची वेळ यायचीच नाही. सर्जन हेच रुग्णालयाचे प्रमुखही होते, आणि ते एकदा म्हणाले होते, की मुकादम रजेवर गेले तर मला ऑपरेशनं विसरावी लागतील. ते गमतीने म्हणाले असावेत. मुकादमांनी मात्र ते मनावर घेऊन पुढची चार वर्षं रजाच काढली नव्हती.

थिएटरमध्ये दोन राज्यं होती. टेबल, त्यावरच्या चादरी, हत्यारं, जे जे म्हणून निर्जंतुक होतं ते मुकादमांचं. बाकी सगळं मोठ्या सिस्टरांचं. रुग्ण कोण, कुठली बाजू कापायची, सही झाली का, दिवा कुठे वळवायचा, पाकिटं उघडून कोणी द्यायची, रक्त टिपायचे गॉज किती आत गेले आणि किती बाहेर आले, हे सगळं त्या बघत आणि फळ्यावर लिहीत. सिस्टरांनी मुकादमांच्या ट्रेवरून हात न्यायचा नाही आणि मुकादमांनी ट्रेबाहेरच्या कशाला बोट लावायचं नाही. त्यामुळे चष्मा नाकावरून घसरला तरी मुकादमांना तो स्वतः वर करता येत नसे.

"सिस्टर, चष्मा."

"काय चष्मा?"

"वर करा."

"असं सांगतात होय?"

"कृपा करून वर करा."

मग सिस्टर एका बोटाने चष्मा वर ढकलत, जरा जास्तच वर. हे एकोणीस वर्षं चालू होतं. भांडणाचा विषयही एकच. सिस्टर म्हणत, "तुम्ही हत्यारं सांभाळता, मी माणूस सांभाळते." त्यावर मुकादम म्हणत, "माणूस तर झोपलेला असतो. त्याला काय सांभाळायचं? हत्यार एक चुकलं की सगळं मुसळ केरात."

त्या वर्षी रुग्णालयाने टेक्निशियन घडवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि शिकवायला मुकादमांना नेमलं. चार विद्यार्थी आले. पहिल्या आठवड्यात एकाला रक्त बघून घेरी आली, दुसऱ्याला नुसत्या स्पिरिटच्या वासाने आली, तिसरा त्या दोघांना घरी सोडायला गेला तो परत आलाच नाही. उरल्या एकट्या शिवणबाई. वय बेचाळीस. वीस वर्षं स्वतःचं शिवणाचं दुकान चालवलेलं, आता पोरं मार्गी लागली म्हणून काहीतरी वेगळं करावं असं मनात आलं आणि त्या सरळ इथे दाखल झाल्या. हात हलका, नजर तीक्ष्ण. फक्त वीस वर्षांची सवय जाता जाईना. मोकळ्या झालेल्या हाताने त्या सुई ओठांत धरायला जात, आणि ओठांवर मास्क असल्याने ती मास्कलाच टोचून ठेवत.

"बाई," मुकादम डोकं धरायला जात आणि हात निर्जंतुक आहेत हे आठवून मधेच थांबत, "हात कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. ट्रेकडे पाठ करायची नाही. सुई तोंडाजवळ न्यायची नाही. शंका आली की ते हत्यार बाद. चूक झाली की बोलायचं. कुणी बघितलं नसलं तरी बोलायचं."

शिवणबाई वहीत लिहून घेत आणि विचारत, "आणि वरचं कापड खालच्या कापडाला शिवलं जाऊ नये म्हणून मध्ये काय घालायचं?"

"इथे कापड शिवत नाहीत, बाई."

अभ्यासक्रमाला मान्यता मिळण्याआधी तपासणी व्हायची होती. तपासणीला निरीक्षक बाई येणार, एक खरं ऑपरेशन बघणार आणि त्यात विद्यार्थिनी शिक्षकाच्या मदतीशिवाय हत्यारं देते का ते पाहणार. हर्नियाचा एक रुग्ण त्यासाठी राखून ठेवला होता. तपासणीच्या दिवशी सकाळी आठला मोठ्या सिस्टरांनी त्याला शेवटचं विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"पोटभर खाल्लं," तो अभिमानाने म्हणाला. "ऑपरेशन म्हणजे अंगात ताकद नको का?"

ऑपरेशन रद्द. निरीक्षक बाईंची गाडी तेवढ्यात फाटकातून आत शिरली. सर्जननी थिएटरभर नजर फिरवली. ते स्वतः सर्जन म्हणून हवे होते. सिस्टर सिस्टर म्हणून हव्या होत्या. शिवणबाई तर परीक्षेलाच बसलेल्या. ज्याने दिसताच कामा नये असा एकच माणूस तिथे होता, तो म्हणजे शिक्षक.

"मुकादम," सर्जन म्हणाले, "झोपा."

"कुठे?"

"टेबलावर. कापत नाही हो तुम्हाला! पोटावर फोमचा तुकडा ठेवू, वरून चादरी. जे काय करायचं ते फोमला. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

मुकादमांनी सिस्टरांकडे पाहिलं. निदान त्या तरी आडव्या येतील असं त्यांना वाटलं होतं. पण सिस्टरांच्या डोळ्यांत एकोणीस वर्षांत न दिसलेली चमक होती. "कपडे बदला," त्या म्हणाल्या. "घड्याळ, अंगठी, चष्मा काढून माझ्याकडे द्या."

फाइलशिवाय रुग्ण आत घेता येत नाही, म्हणून रेकॉर्डचा कारकून फाइल करायला बसला. संगणक खोटं नाव घेईना. ओळखपत्राचा क्रमांक मागे. शेवटी कारकुनाने मुकादमांचंच नाव घातलं, आणि नातेवाइकाच्या सहीचा रकाना आला तेव्हा कर्तव्य म्हणून त्यांच्या बायकोला फोन केला. "तुमच्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, सहीला या," एवढंच तो बोलला. बायको घराला कुलूप न लावता धावत आली, सही केली, आणि बाकावर बसून डोळे पुसत म्हणाली, "मला एका शब्दाने बोलले नाहीत हो. सगळं एकट्याने सोसलं."

इकडे मुकादम स्ट्रेचरवरून थिएटरच्या दाराशी आले. सिस्टर फाइल घेऊन आडव्या उभ्या.

"नाव सांगा."

"सिस्टर, चेष्टा पुरे."

"रुग्णाने स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचं असतं."

मुकादमांनी नाव सांगितलं. कित्येक दिवसांनी ते त्यांनाच ऐकू आलं.

"कुठल्या बाजूचं ऑपरेशन?"

"झालंच तर उजव्या."

"'झालंच तर' लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही. उजव्या?"

"उजव्या," मुकादम म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्यांना उजवीकडे जरासं दुखल्यासारखं झालं.

टेबलावर पडल्यावर त्यांना पहिली गोष्ट कळली ती ही, की ते गार असतं. एकोणीस वर्षं ते या टेबलाला टेकून उभे होते आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसरी, की छताला तडा आहे. तिसरी, की चष्मा नसला की डोक्यावरचा मोठा दिवा दिवा दिसत नाही, काहीतरी अंगावर येतंय असं दिसतं. हत्यारांचा आवाज कानाच्या मागून येत होता. ज्या खणखणाटाला ते संगीत समजत, तो आज ऐकताच त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. कापणार नाहीत हे माहीत असून धरली. तेवढ्यात चादरीच्या बाजूने एक हात आत आला आणि खांद्यावर टेकला. सिस्टरांचा.

"मी इथेच आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यात थट्टा नव्हती. मुकादमांना वाटलं आपण काहीतरी तिखट बोलावं. पण हात तिथेच राहावा असंही वाटू लागलं.

निरीक्षक बाई आल्या. बारीक चणीच्या, हातात जाड वही, सगळं लिहून घेणाऱ्या. शिवणबाई ताठ उभ्या होत्या. कात्री दिली, चिमटा दिला, आर्टरी दिली, सगळं बिनचूक. मग निरीक्षक बाईंनी ट्रेवरच्या एका दातेरी हत्याराकडे बोट दाखवलं. "हे काय?"

शिवणबाई वहीचं पान आठवू लागल्या. आणि चादरीखालून आवाज आला, "ॲलिस चिमटा."

निरीक्षक बाई दचकल्या. "कोण बोललं?"

"रुग्ण," सिस्टर म्हणाल्या. "कमरेखालची भूल आहे. जागे आहेत."

"तुम्ही रुग्णांना हत्यारांची नावं शिकवता?"

सर्जननी मान वर केली नाही. "आम्ही रुग्णाला विश्वासात घेतो," ते म्हणाले.

निरीक्षक बाईंनी हे शब्द न् शब्द लिहून घेतलं. पुढच्या दोन प्रश्नांनाही शिवणबाईंच्या आधी रुग्णानेच उत्तर दिलं. तिसऱ्याला सिस्टरांनी खांद्यावरचा हात उचलून तोंडावर ठेवला.

शेवटी टाके. आता शिवणबाईंच्या जिवात जीव आला. सुई, दोरा, कात्री असा काही ताल धरला त्यांनी की सर्जनही रंगात आले आणि एकामागून एक टाका घालत सुटले. मध्ये घालायला काही नव्हतं. निरीक्षक बाई समाधानाने निघून गेल्या आणि मुकादम एकदाचे उठून बसले, तेव्हा त्यांच्याबरोबर फोम उठला, फोमबरोबर चादर, चादरीबरोबर त्यांचा गाऊन, आणि गाऊनबरोबर गादीचं आवरणही. सगळं एकजीव झालेलं.

"मी विचारलं होतं," शिवणबाई म्हणाल्या.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मुकादम साडेसातला हजर झाले, तर हजेरीच्या खिडकीत कारकून उभा राहिला. "अहो, तुम्ही इथे कसे? काल ऑपरेशन झालंय तुमचं. सहा आठवडे विश्रांती लिहिली आहे."

"तू होतास की तिथे! झालं का काही?"

"मी फाइल केली. फाइलमध्ये झालंय."

मुकादम तडक सर्जनकडे गेले. सर्जननी दार लावून घेतलं. "अहवाल येईपर्यंत मला तोंड उघडता येत नाही, मुकादम. खोट्या रुग्णावर तपासणी केली म्हटलं तर अभ्यासक्रमही जाईल आणि माझी खुर्चीही. तोवर घरी बसा. चार वर्षांत रजा घेतली नाहीत, आता घ्या."

घरी बायकोने अंथरूण घालूनच ठेवलं होतं. सासूबाई खास येऊन राहिल्या होत्या. मुकादमांनी दोघींना परोपरीने समजावलं, की ऑपरेशन झालंच नाही, फोमचं झालं. बायको म्हणाली, "मी स्वतः सही केली आहे." सासूबाईंनी चष्मा लावला आणि जावयाला शर्ट वर करायला लावून उजवी बाजू बारकाईने बघितली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "एक व्रण नाही! काय हात म्हणावा त्या डॉक्टरचा!"

बातमी गल्लीभर झाली. लोक भेटायला येत, व्रण न दिसल्याची खात्री करून घेत आणि तोंडात बोटं घालून परत जात. पंधरवड्यात सर्जनच्या दारात रांग लागली. सगळ्यांना तसंच ऑपरेशन हवं होतं, मुकादमांसारखं, मागमूस न ठेवणारं. सर्जन सांगून सांगून थकले की असं काही नसतं. लोकांना वाटलं, ओळखीशिवाय करत नाहीत.

मुकादमांना बादली उचलायची बंदी होती. खुर्ची सरकवायची बंदी होती. पाचव्या दिवशी त्यांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातल्या सुया लांबीप्रमाणे लावल्या. आठव्या दिवशी स्वयंपाकघरातले चमचे. दहाव्या दिवशी सासूबाईंनी भाजी चिरता चिरता नुसता हात पुढे केला आणि तळव्यात सुरी येऊन बसली. त्यांनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं, "भूल डोक्यात तर गेली नाही ना गं?"

सहा आठवडे कसेबसे सरले. कामावर जायला तंदुरुस्तीचा दाखला हवा, आणि तो ऑपरेशन करणाऱ्याने द्यायचा नाही, दुसऱ्याने द्यायचा, असा नियम. दुसरे डॉक्टर नवीन बदलून आलेले, कागदाला कागद जुळवणारे.

"टाके कुठे आहेत?"

"नाहीत."

"कुणी काढले?"

"घातलेच नव्हते."

"मग जखम भरली कशी?"

"जखमच नव्हती, डॉक्टर."

डॉक्टरांनी फाइल बघितली, मुकादमांची उजवी बाजू बघितली, संशयाने डावीही बघितली, आणि लिहिलं: 'जखम सापडत नाही. न सापडलेली जखम भरली आहे असे म्हणता येत नाही. विश्रांती वाढवावी.'

त्या दिवशी मुकादम घरी गेले नाहीत. थिएटरबाहेरच्या बाकावर, नातेवाईक बसतात तिथे, जाऊन बसले. आत शिवणबाई ट्रेवर होत्या हे दाराच्या फटीतून येणाऱ्या आवाजावरून त्यांना कळत होतं. आर्टरी गेली. कात्री गेली. आता गॉज मागतील, असं मनात म्हणेपर्यंत गॉज गेला. काहीही चुकत नव्हतं. आपल्याशिवाय सगळं सुरळीत चाललंय हे दुःख की समाधान, हे त्यांना ठरवता येईना. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"मीच," मुकादम म्हणाले.

ते गृहस्थ जरा सरकून बसले.

दुपारी मोठ्या सिस्टर बाहेर आल्या, त्यांच्याजवळ बसल्या आणि एक लखोटा पुढे केला. तपासणीचा अहवाल आला होता. अभ्यासक्रमाला मान्यता. विद्यार्थिनीबद्दल दोन चांगले शब्द. आणि शेवटी स्वतंत्र परिच्छेद: 'तपासणीच्या वेळी टेबलावर असलेल्या रुग्णाला हत्यारांचे असाधारण ज्ञान असल्याचे आढळले. अशा व्यक्तीस योग्य प्रशिक्षण मिळाल्यास ती उत्तम टेक्निशियन होऊ शकेल. प्रवेश द्यावा. अंमलबजावणी महिन्याच्या आत कळवावी.'

मुकादमांनी दोनदा वाचलं. "मला? माझ्याच वर्गात?"

"विद्यार्थ्याला तंदुरुस्तीचा दाखला लागत नाही," सिस्टर म्हणाल्या. "उंची, वजन आणि लशी टोचल्याचा कागद. मी कारकुनाला विचारून आले."

"आणि ती फाइल?"

"तेही विचारलं. फाइल बंद करायला तीन रकाने आहेत. बरा होऊन गेला, दुसरीकडे पाठवला, न सांगता निघून गेला. पहिल्या दोन्हींना डॉक्टरची सही लागते. तिसऱ्याला लागत नाही."

अशा रीतीने रुग्ण मुकादम त्या दुपारी रुग्णालयातून पळून गेले आणि विद्यार्थी मुकादम दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल झाले. शिक्षकाची जागा रिकामी होती, कारण शिक्षक आजारी होते, म्हणून तात्पुरतं शिकवणं मोठ्या सिस्टरांकडे होतं. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, "नव्या विद्यार्थ्याने सहा महिने ट्रेला हात लावायचा नाही. आधी माझी बाजू शिकायची."

मुकादम दातओठ खात शिकले. आतल्या वस्तूला हात न लावता पाकीट कसं उघडायचं, हे त्यांना वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. फळ्यावर गॉज लिहिताना पहिल्या दिवशी ते सातावर अडकले आणि शिवणबाईंनी ट्रेवरून मोठ्यांदा विचारलं, "आठवा कुठे आहे, मुकादम?" तो त्यांच्या हातातच होता. फॉर्म भरताना दोनदा खाडाखोड केली, सिस्टरांनी दोनदा नवा फॉर्म दिला. "हे तुम्ही रोज करता?" त्यांनी विचारलं. "रोज," सिस्टर म्हणाल्या. "तुमचा चष्मा सांभाळून."

तिसऱ्या महिन्यात एक आजीबाई पित्ताशयाच्या ऑपरेशनला आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गात पोचेल असा. सिस्टरांनी मुकादमांना डोक्याशी उभं केलं. "भूल चढेपर्यंत यांच्यापाशी राहा. काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

आजीबाईंनी खालून वर पाहिलं. "तुम्ही कोण?"

"विद्यार्थी."

"या वयात? नापास किती वेळा झालात?"

"अजून परीक्षा व्हायची आहे."

"अभ्यास करा," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज एकदम खाली आला. "हे टेबल फार गार आहे हो."

"माहीत आहे मला," मुकादम म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातलं गरम पांघरूण आणलं, खांद्याखाली नीट खोचलं, दिवा जरा बाजूला वळवला आणि आपला हात त्यांच्या हाताशी ठेवला. आजीबाईंनी तो घट्ट धरला. पलीकडे शिवणबाई हत्यारं मांडत होत्या. एक चिमटा ओळीबाहेर गेला होता. तो मुकादमांना दिसला की नाही कोण जाणे, कारण ते आजीबाईंच्या पापण्यांकडे बघत होते.

"सतराचा पाढा म्हणा," आजीबाई म्हणाल्या. "मला झोप लागेपर्यंत."

मुकादम म्हणू लागले. सतरा पाचे पंचाऐंशीपर्यंत सुरळीत गेले, पुढे अडखळले. आजीबाईंनी डोळे मिटूनच दुरुस्त केलं, "एकशे दोन," आणि त्या झोपल्या. सर्जन आत आले, हात पुढे केला, शिवणबाईंनी सुरी दिली. मुकादम तसेच उभे होते.

"मुकादम, आता सोडलात तरी चालेल हात," सिस्टर हळूच म्हणाल्या. "झोपल्यात त्या."

"असू दे," मुकादम म्हणाले, आणि पुढचा आकडा काय ते मनातल्या मनात जुळवत राहिले.